कमी पडली

"वहिनी, जरा उजेड इकडं दाखवा," जीपखालून गणराज म्हणाला. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. प्रांजलीने मोबाइलचा टॉर्च लावून धरला. ज्या गाडीने आपला नवरा नेला, तिच्याच पोटाखाली उजेड पाडत आपण उभ्या आहोत, याचं तिला काहीच वाटलं नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा गार असला तरी ती पीत होती आणि तोंड भाजेल इतका कढत असला तरी पीत होती.

तळा गावातल्या या गॅरेजात ती आली होती ती जीप कायमची गणराजच्या गळ्यात मारायला. मोडीत काढा, नाहीतर जाळा, पण ती पुन्हा माझ्या दारात नको, एवढंच तिला सांगायचं होतं.

धम्मदीप दिघीला बंदरात क्रेन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जीपखाली लोळायचा. बायकोपेक्षा जीपचेच लाड जास्त, असं प्रांजली चारचौघांत त्याला चिडवायची. वाडीच्या धुपलेल्या चढावर पोट घासतं म्हणून त्याने यंदा आपल्या दोस्ताकडून, गणराजकडून, स्प्रिंगचे नवे पाटे घालून जीप उंच करून घेतली. उंच झालेली जीप बघायला सगळी वाडी गोळा झाली होती. त्यानंतर आठवडाही धड गेला नाही.

त्याच चढावर मागचं एक चाक घळीवर अधांतरी लोंबलं. खाली धाडकन आवाज झाला आणि जीप मागे यायला लागली. "दगड लाव!" धम्मदीप ओरडला. चढावर गाडी अडली की शेजारी बसलेल्या माणसाचं काम तेच. प्रांजलीने उडी टाकली आणि हाताला लागला तो दगड चाकामागे सारला. जीप त्या दगडावरून सरळ गेली आणि कडेवरून खाली जाऊन उलटली. ती घसरत, खरचटत त्याच्याजवळ पोचली. बाहेर फेकल्या गेलेल्या नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. त्याची नजर तिच्याकडे नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत तो एवढंच बोलला, "कमी पडली."

मग तो काही बोलला नाही.

एखादी पुण्याकडची सून असती, तर 'पडलीस' का म्हणाला नाही, अशी शंका तरी तिला आली असती. इकडे तो 'स' कोणी लावतच नाही. तू जेवली, तू दमली, तू आली. तेव्हा कमी पडली म्हणजे तूच, दुसरं कोण? दगड लहान निवडला, तू कमी पडली. प्रांजलीने हे कोणालाच सांगितलं नाही. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे "पोर धीराची आहे" म्हणत जेवून गेले. सासू कमळाबाई तिला जवळ घेऊन म्हणायची, "रड गं बाय एकदाची, मोकळी हो." पण आपल्याच हातून गेलेल्या माणसासाठी रडायला तोंड कुठून आणायचं?

गणराज सरपटत बाहेर आला. त्याच्या हातात काळा, जाड, लोखंडी दांडा होता.

"हा शाफ्ट. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेतो. दोन तुकडे असतात, एकात एक सरकणारे. गाडी उंच केली की ते बाहेर ओढले जातात. म्हणून मी बोललेलो, हा लांब करून घेऊया. धम्मानं ऐकलं न्हाय. सपाट अंगणात गाडी उभी करून माप घेतलं आणि बोलला, पुरतोय. अवो, चाक लोंबतं तेव्हाचं माप धरायचं असतं."

"आणि दगड?" प्रांजलीने विचारलं.

"कसला दगड?"

"मी लावलेला. लहान होता."

गणराजने दांडा खाली ठेवला. "वहिनी, निसटलेल्या शाफ्टनं ब्रेकची नळी तोडली. तिथं तुम्ही जातं आणून ठेवलं असतं तरी जीप थांबली नसती."

असं सगळेच बोलतात, तिला वाटलं. गणराजने हात पुसले. शाफ्टकडे बघत तो हलकेच म्हणाला, "त्या आठवड्यात रोज फोनवर आमचं भांडण. मी म्हणायचो कमी पडली, तो म्हणायचा पुरली. शेवटी पैज लागली. हरला तर त्यानं आपल्या तोंडानं मला सांगायचं, कमी पडली."

"काय कमी पडली?"

"लांबी, वहिनी. शाफ्टची."

प्रांजलीने टॉर्च खाली केला. त्या दिवशी उलटलेली जीप तिच्या पाठीमागे होती. चाकं वर, पोट उघडं, आणि त्यातून लोंबणारा हा दांडा. तो तेच बघत होता! तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला चक्क हसू आलं. मेला मरतानाही जीपच तपासत होता.

"भाऊ, ते हरले," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर डोकं ठेवून कबूल केलं त्यांनी. कमी पडली, म्हणाले."

गणराज तिथंच टायरवर बसला आणि शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. प्रांजली त्याच्याकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू विरून गेलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

"तुमच्याशी तरी बोलले, भाऊ," ती म्हणाली. "माझ्याशी ते काहीच बोलले नाय."