बहात्तरचा पाऊस

भाऊरावांची नात चैताली गुहेतल्या चुनखडीचे थर बघून जुना पाऊस ओळखते आणि त्यावरून संगणकाने मांडलेलं पावसाचं गणित तपासते, याचं सुरतेतल्या साऱ्या डिंडोली वस्तीला कौतुक होतं. शेजारच्या रामदासांच्या मात्र पोटात दुखायचं, कारण त्यांचा नातू बारावीला तिसऱ्यांदा बसला होता.

एकदा चैताली काळजीने म्हणाली, "आजोबा, बहात्तर साली आपल्या जालन्याकडे संगणक चांगला पाऊस दाखवतो आणि माझा दगड दुष्काळ. दगड चुकला असेल तर माझी पाच वर्षं पाण्यात."

शेजारच्या ओट्यावर बसलेले रामदास एकदम खुलले. "दगडच चुकला, पोरी! त्या साली पाऊस झक्कास होता. मी स्वतः भिजलोय."

आतून त्यांच्या पत्नी सखुबाई म्हणाल्या,

"अहो, मग त्या साली आपण सुरतेत काय हवापालटाला आलो होतो?"