पेटीसोबत काय काय येतं

"आजच्या दिवस हात बांधून बसा, मास्तर," असं पाचही सहकाऱ्यांनी स्टुडिओत जाताजाता बजावलं होतं. म्हणून मास्तर खरोखरच हाताची घडी घालून बसले होते.

वरच्या प्रक्षेपण खोलीत त्यांच्यासमोर पेटी होती. चपलांच्या खोक्याएवढी, करडी, अखंड गुणगुणणारी. कार्यक्रम वेळेवर सोडायचा, मध्ये जाहिरात घालायची, कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह ठेवायचं आणि पडदा कधी काळा पडू द्यायचा नाही, हे सहा जण बावीस वर्षं करत आले होते. आता ते सगळं पेटी एकटी करणार होती. शिवाय ती चहा पीत नाही, असं शेजारी बसलेला तिच्या कंपनीचा माणूस सांगत होता. मालकांना हा गुण फार आवडला होता.

आज तिची परीक्षा होती. पास झाली, तर संध्याकाळी सहाही जणांना पुष्पगुच्छ आणि निरोपाचं पत्र मिळणार होतं. घरोघरी एकदा जरी भलतंच काही दिसलं, तर पेटी परत जाणार होती. ती चुकली तरी मास्तरांनी फक्त काही करायचं नव्हतं. हे असलं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते भलतंच जड जात होतं.

खाली स्टुडिओत मालक थेट प्रक्षेपणात बोलत होते. चॅनेल उभं करणाऱ्या त्यांच्या वडिलांना, आबांना, जाऊन आज वर्ष झालं होतं. भाषणात आबांपेक्षा पेटीचंच कौतुक जास्त झालं. मग मालकांनी सगळ्यांना दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं आणि कॅमेरा आबांच्या फोटोवर स्थिरावला.

पेटी हुशार. चित्र हलत नाही, आवाज येत नाही, म्हणजे बिघाड, हे तिनं लगेच ताडलं. तिच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. दहा सेकंदांत ती पर्यायी चित्रफीत लावणार होती. ही चित्रफीत म्हणजे संडास साफ करणारी नाचरी बाटली. कंपनीच्या माणसानं सकाळी स्वतःच ती भरून ठेवली होती. ती थांबवायला तो कळफलक बडवू लागला. पेटीनं पासवर्ड विचारला. तो चुकला. पुन्हा चुकला.

मास्तरांना आतून गुदगुल्या झाल्या. सहा घरांची काळजी मिटत होती, तीही बोट न हलवता. सहा, पाच. त्यांची नजर फोटोवर गेली. मास्तरांची मुलगी आजारी होती, तेव्हा आबांनी आठ दिवस स्वतः ही खुर्ची सांभाळली होती. बटणं शिकवून जा, बाकी मी बघतो, म्हणाले होते. त्या तोंडावर आता बाटली नाचणार होती. तीन, दोन.

मास्तरांचा अंगठा जुन्या टेबलावरच्या लाल बटणावर पडला. ते दाबून धरलं, की स्टुडिओतलं चित्र कुणालाही न विचारता थेट घरोघरी जायचं. संध्याकाळी सुतार हे टेबलच उचकटून नेणार होता. पेटीच्या पडद्यावर बाटली ठुमकू लागली. घरोघरी मात्र आबा शांतपणे बघत राहिले. मौन संपून पेटी आपोआप स्टुडिओच्या चित्राकडे वळेपर्यंत मास्तरांनी अंगठा उचलला नाही. त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

मालक वर आले ते खुशीतच. साधं मौनसुद्धा पाळलं पेटीनं, माणसांना जमत नाही, असं म्हणून त्यांनी पेटी थोपटली. मागून पाच जण आले. त्यांनी आधी पेटीच्या पडद्यावर उरलेल्या लाल अक्षरांकडे, मग जुन्या बटणाशेजारच्या मास्तरांच्या अंगठ्याकडे पाहिलं. एकेकानं आपला पुष्पगुच्छ घेतला.

सहावा पुष्पगुच्छ मास्तरांच्या हातात पडणार, एवढ्यात कंपनीच्या माणसानं घसा खाकरला. पेटीच्या यादीत एक वस्तू लिहायची राहिली आहे, असं म्हणून त्यानं मास्तरांकडे बोट दाखवलं.

"माणूस कशाला?" मालकांनी विचारलं. "पेटी सगळं करते ना?"

"करतेच की, साहेब. हे आमच्याकडून, पेटीसोबतच येतात."

सोबत येतं म्हटल्यावर मालकांनी हरकत घेतली नाही. कंपनीच्या माणसानं यादीत शेवटची ओळ लिहिली. केबली चार, चाव्या दोन, त्याखाली मास्तर एक, वॉरंटी एक वर्ष. माल चालू स्थितीत मिळाल्याची सही खोलीच्या प्रमुखाची लागते, आणि प्रमुख मास्तरच होते. त्यांनी केबली मोजल्या, चाव्या मोजल्या, उजवा अंगठा एकदा हलवून पाहिला आणि स्वतःच्या नावापुढे बरोबरची खूण केली.