मागच्या अंगणातली झोळी

भिंतीतला हूक गिलाव्याच्या ढपल्यासकट निघाला आणि झोळीत अंग टाकू पाहणारा आनंद धप्पकन मातीत बसला.

"आणखी खोल जायला हवं होतं," श्रद्धा म्हणाली. तिच्या हातातल्या मोबाईलवर झोळी बांधायचा व्हिडिओ चालू होता.

"मग तू धर ना ड्रिल!" पाठीची माती झाडत तिचा भाऊ उठला.

धायरीतल्या त्या बैठ्या घरामागं जेमतेम बारा पावलांचं अंगण. एकीकडं कडुनिंब, समोर घराची भिंत. खराडीत नोकरी करणाऱ्या दोन्ही पोरांना रविवार तेवढा मोकळा, म्हणून आज सकाळपासून ही खटपट चालली होती. झोळी वडलांसाठी होती.

वडील, उत्तरेश्वर, खुर्चीत बसून बघत होते. तीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभही जड झाली. तेव्हापासून ते नळ बंद करायला उठले तरी घरातून आवाज यायचा, "तुम्ही बसा."

आता पोरांनी त्यांच्यासाठी झोळी आणली होती. लेकरू निजवतात तसली. सकाळी ती उलगडली तेव्हा त्यांनी मान फिरवली होती.

आनंदनं पहिल्या भोकाच्या वीतभर वर ड्रिल टेकवलं.

"तिथं... नको."

दोघांनी वळून पाहिलं. उत्तरेश्वर खुर्चीचा हात धरून उठत होते.

"अहो, बसा तुम्ही," स्वयंपाकघराच्या दारातून वेणूबाई ओरडल्या. हाताला पीठ तसंच.

ते बसले नाहीत. पाय ओढत भिंतीपाशी गेले आणि डाव्या हाताच्या बोटांनी भिंत वाजवत सरकू लागले. पोकळ. पोकळ. कोपऱ्याजवळ आवाज बदलला. ठस्स.

"कॉलम," ते म्हणाले. "हितं. मी उभा राहून... भरून घेतलेला हाय."

आनंदनं ड्रिल लावलं.

"दाबू नको. सरळ धर. त्याला... त्याचं खाऊ दे."

ड्रिल घरघरत आत गेलं. हूक बसला. उत्तरेश्वरांनी डाव्या हातानं तो धरला, सगळा भार टाकून ओढून पाहिला, दुसऱ्यांदा ओढला, मग मान डोलावली. कडुनिंबाकडची गाठ त्यांना पसंत पडली नाही. ती त्यांनी श्रद्धाकडून सोडवून घेतली आणि पुन्हा बांधवली, तिसऱ्या खेपेला मनासारखी झाली. दीड तास गेला. एवढा वेळ त्यांना कुणी बसा म्हणालं नव्हतं.

"अप्पा, या आता," आनंद झोळी पसरून धरत म्हणाला.

उत्तरेश्वरांनी दाराकडं पाहिलं. "तिला... बोलव."

"मला कशाला?" वेणूबाई म्हणाल्या. "भाकरी टाकायच्यात."

"ये."

त्या लाजत, पोरांना दटावत, हात पुसत आल्या. कशीबशी बैठक जमवली, पाय वर घेतले, आणि झोळीनं दोन्ही बाजूंनी त्यांना मिटून घेतलं. आतून त्यांचं हसू ऐकू आलं. मग नुसता दोरीचा आवाज.

"आई?" थोड्या वेळानं श्रद्धानं हाक मारली. आतून मंद घोरणं ऐकू आलं. ती आत डोकावली आणि आईचा फोटो काढायला मोबाईल वर केला. उत्तरेश्वरांनी हातानंच तिला नको म्हटलं.

भाकऱ्या टाकायला पोरं आत गेली. उत्तरेश्वरांनी खुर्ची झोळीजवळ ओढून घेतली. कापडाबाहेर फक्त वेणूबाईंची पावलं राहिली होती, भेगाळलेली, अंगठ्याला पीठ वाळलेलं. आठ महिन्यांत ती जमिनीवरून उचललेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.