टेपचं टोक

घराच्या वाटणीसाठी कोर्टानं पाठवलेला मोजणीदार एकटाच आला. मदतनीस आजारी होता. "दोघांनी मिळून टेप धरली तर पाच मिनिटांचं काम," म्हणत त्यानं नवऱ्याच्या हातात डबी कोंबली, बायकोच्या हातात टोक. मुलीच्या खोलीची लांबी लिहून तो म्हणाला, "सोडा बाई." तिचा हात शिवशिवला. कालच नवऱ्यानं जजसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, "मुलीचा ताबा मला द्या. हिचं कशातच लक्ष नसतं." टोक सोडलं तर पोलादी पट्टी सपकन डबीत शिरते, डबी धरणाऱ्याचा अंगठा कापते. पडद्यांचं माप घेताना एकदा तिच्या हातून टोक सुटून त्याचा कापलाही होता, चुकून. तिनं टोक सोडलं नाही. चालत जाऊन त्याच्या डबीपर्यंत अलगद पोचवलं. "आता स्वयंपाकघर," मोजणीदार म्हणाला. डबी तिच्याकडे देत नवरा स्वतः टोक घेऊन भिंतीकडे निघाला. तिनं डबीच्या तोंडाशी आलेला अंगठा हळूच मागे घेतला.