खंडेनवमीची चेन

"हे बघ, बर्फ!" रोहिदासनं काश्मीरच्या घाटातून बायकोला व्हिडिओ कॉल केला. दसऱ्याला चाकणच्या कंपनीचा माल घेऊन त्याचा ट्रक निघाला होता. "अहो, चाकं घसरतील की!" मोनिका घाबरली. "न्हाई घसरत. चाकांवर लोखंडी चेन चढवतात. खंडेनवमीला जॅक-पान्यांबरोबर तूच पूजलीस की. चेन हाय म्हणलं म्हणूनच पोलिसांनी पुढं सोडलं. उतार आला की चढवतो." फोन ठेवून ती दसऱ्याचं निर्माल्य इंद्रायणीत सोडायला निघाली. फुलांचं घमेलं तिला उचलेना. तिनं सुकलेला झेंडू बाजूला सारला. खाली चेन होती. पूजेला ती घमेल्यातच मांडली होती; नंतर हत्यारं गाडीत परत टाकताना फुलांखाली ती कुणाला दिसलीच नव्हती. तिनं फोन लावला. पुन्हा लावला. लागेना. चेनवरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं होतं. सवयीनं हात पदराकडं गेला, पण ते पुसायचा तिला धीर झाला नाही.