सातवा धडा

नेरिडाच्या शेवटच्या लेखाखाली एकशे बेचाळीस प्रतिक्रिया होत्या. ग्लेनिसच्या शेवटच्या लेखाखाली एक होती, आणि तीही बुटांच्या जाहिरातीची.

ग्लेनिस अकरा वर्षं ब्लॉग लिहीत होती. नेरिडा पाच महिने. आणि झीहन गावच्या वाचनालयात दर गुरुवारी सकाळी नवख्यांना ब्लॉग शिकवणारी कोण, तर ग्लेनिस. नेरिडाचं पहिलं पान उघडून दिलं तेही तिनेच. जळायला आणखी काय लागतं?

शिकवण्यासाठी तिने दहा धडे लिहून काढले होते, प्रत्येक धड्याचा एक कागद, दर तीन आठवड्यांनी एक. रोज लिहा. शीर्षक लहान ठेवा. वाचक मोजणाऱ्या काउंटरमधून स्वतःच्या भेटी वगळा, नाहीतर स्वतःलाच वाचक समजून बसाल. नेरिडाने पहिले दोन धडे धाब्यावर बसवले. मनाला येईल तेव्हा कोंबड्यांबद्दल लिहिलं, शीर्षकं दीड-दीड ओळीची दिली, आणि पर्थपासून कॅनडापर्यंत लोकांना तिच्या कोंबड्यांची नावं पाठ झाली. तिसरा धडा तेवढा तिने इमानेइतबारे पाळला.

त्या गुरुवारी नेरिडा सगळ्यांच्या आधी आली. ओला कोट खुर्चीवर टाकून तिने लॅपटॉप उघडला.

"ग्लेनिस, इकडे ये जरा. हे तुला एकटीलाच दाखवतेय."

काउंटरचं पान होतं. होबार्ट, एक वाचक, रोज सकाळी सव्वासहा.

"एक दिवस चुकत नाही बघ. मंगळवारी तर नऊ वेळा. टॅम्सिनच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं लिहिलं होतं ना मी, दप्तरात कोंबडीचं पिल्लू घालून नेलं होतं ते."

टॅम्सिन म्हणजे नेरिडाची मुलगी. तिकडे दूर होबार्ट शहरात राहते. बापाला पुरलं त्याच दिवशी मायलेकींचं कडाक्याचं वाजलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून फोन नाही की नाताळचं कार्ड नाही.

"होबार्टमध्ये माझं दुसरं आहे कोण?" नेरिडा म्हणाली. "तीच आहे. रविवारी फोन करणार आहे मी. इतके दिवस हिंमत होत नव्हती गं. आता निदान ती वाचतेय हे तरी माहीत आहे."

ग्लेनिसच्या हातात त्या दिवशी वाटायचा सातवा धडा होता. त्यावर लिहिलं होतं: काउंटरमध्ये दिसतं ते वाचकाचं गाव असेलच असं नाही, बरेचदा ते त्याच्या इंटरनेट कंपनीचं असतं. आपल्या झीहनमधून कोणी पान उघडलं तरी होबार्टच दिसतं.

गावातलं बाकी कोणी वाचत नव्हतं. गावाला नेरिडाच्या कोंबड्या कुंपणावरूनच दिसत होत्या. सव्वासहाला चहाचा मग घेऊन नेरिडाचं पान उघडायची ती ग्लेनिस. वाचायला नव्हे. सरळ तळाशी जाऊन प्रतिक्रिया मोजायला. मंगळवारी आकडा शंभराच्या पुढे गेला आणि तिला चैन पडेना. दिवसभरात नऊ वेळा जाऊन आली ती.

एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही, आणि खरं सांगायचं तर दयेपोटी नाही आलं, मजेपोटी आलं. तुझा तो खास वाचक म्हणजे मी आहे, बाई. पण नेरिडा पडद्यावरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून बसली होती, आणि ते बोट काही हलेना.

"कर फोन," ग्लेनिस म्हणाली. हे आपण चांगुलपणाने म्हणालो की खुन्नस म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

बाकीची मंडळी आली. कागद वाटले गेले.

"सहाव्यानंतर एकदम आठवा?" क्लेमने विचारलं. खाणीतून निवृत्त झाल्यावर तो ट्राउट मासेमारीबद्दल लिहायचा.

"सातवा छापायचा राहिला."

"तुझी पहिलीच चूक म्हणायची ही."

रविवारपर्यंत ग्लेनिस रोज सव्वासहाला नेरिडाच्या पानावर गेली. खाडा पडला तर नेरिडाची हिंमत जायची; आता न जाणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. शनिवारी तिने तो पिल्लाचा लेख पहिल्या ओळीपासून वाचला. चांगला होता. तेच जास्त लागलं.

पुढच्या गुरुवारी नेरिडा उशिरा आली. कोट न काढताच ग्लेनिसच्या शेजारी बसली.

"केलास?"

"केला." नेरिडाने पिशवी मांडीवर ओढली. "तिने कधी उघडलंच नव्हतं गं. मी लिहिते हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं."

ग्लेनिसने हातातली फाइल मिटली.

"ती फोन ठेवायच्या बेतात होती. मग काय बोलावं सुचेना म्हणून मी त्या दप्तरातल्या पिल्लाचं काढलं. हसली. मग रडली. पुढच्या महिन्यात येतेय घरी."

ग्लेनिसने खुर्चीत पाठ टेकली. रविवारपासून पहिल्यांदाच.

"पण मग," नेरिडा म्हणाली, "होबार्टचं ते कोण?"

काहीही सांगता आलं असतं. होबार्टमध्ये माणसांना काय तोटा? पलीकडे क्लेम किटलीत पाणी भरत होता. ग्लेनिसने फाइल उघडली, सातवा धडा काढला आणि नेरिडासमोर ठेवला.

नेरिडाने चष्मा लावला. कागद सावकाश वाचला. शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून ग्लेनिसकडे पाहिलं.

"नऊ वेळा?" ती म्हणाली.