सहावा बाजार

सुट्टीतल्या पाच दिवसांत भालचंद्ररावांनी क्रीट बेटावरचे पाच आठवडी बाजार पालथे घातले. केतकी तिथल्याच कुठल्यातरी बाजारात ऑलिव्ह विकते, एवढंच भाचीने सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी, लग्नावरून, त्यांनीच लेकीला घराबाहेर काढलं होतं.

सहाव्या बाजारात ती दिसली. केस पिकू लागलेले, हात मिठाच्या पाण्यात.

"केतू," ते म्हणाले, "आई फार आठवण काढते गं."

तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"काका, जरा बाजूला व्हा," ती मराठीतच म्हणाली. "मागे गिऱ्हाईक थांबलंय."

भालचंद्रराव बाजूला सरकले. 'चुकलो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती मागच्या म्हातारीशी हसत ग्रीकमध्ये बोलू लागली होती.